नॉनसच हाउस : खिळे नव्हतेच, पण नवल त्यात नाही

प्रश्न असा आहे : लंडनच्या जुन्या पुलावर ‘नॉनसच हाउस’ नावाची चार मजली लाकडी इमारत होती. ती हॉलंडमध्ये तयार झाली, सुटी करून जहाजातून आणली आणि एकही खिळा न ठोकता पुलावर परत जोडली, असं जिथे तिथे वाचायला मिळतं. ते कितपत खरं? आणि एवढी भक्कम होती, तर गेली कुठे?

आधी थोडक्यात सांगतो. हॉलंडची गोष्ट मला पटत नाही. खिळ्यांची गोष्ट बहुतांशी खरी असावी, पण त्यात नवल काही नाही. आणि इमारत गेली ती आगीने, पुराने किंवा वाळवीने नाही. माणसांनीच ती उतरवली, रस्त्याला जागा हवी म्हणून.

आता सविस्तर. मी इतिहासाचा प्राध्यापक नाही. जुने लाकडी सांगाडे उलगडायचे, किडलेली लाकडं बदलायची आणि सांगाडा परत उभा करायचा, हे माझं वीसेक वर्षांचं काम. त्यामुळे या घराकडे मी सुताराच्या डोळ्यांनी बघतो, आणि कागदावरच्या गोष्टीत कुठे पाणी मुरतंय ते तिथूनच दिसतं.

पूल समजल्याशिवाय घर समजणार नाही. पीटर ऑफ कोलचर्च नावाच्या धर्मगुरूने ११७६ मध्ये थेम्सवर दगडी पुलाचं काम सुरू केलं. ते संपलं १२०९ मध्ये, तेव्हा पीटरला जाऊन चार वर्षं झाली होती. त्याला पुरलं ते पुलावरच्याच चॅपलमध्ये. पुलाला १९ खांब होते. भरती-ओहोटीच्या नदीत खोल पाया खणण्याचं तंत्र तेव्हा नव्हतं. म्हणून नदीच्या तळात एल्म झाडाच्या मेढी ठोकायच्या, आत दगडगोटे भरायचे आणि त्या बेटावर खांब चढवायचा, अशी रीत होती. होडीच्या आकाराच्या या बेटांना स्टार्लिंग म्हणत. मेढी झिजल्या की बाहेरून आणखी मेढी ठोकायच्या. म्हणजे दर दुरुस्तीला बेट थोडं फुगायचं आणि कमानीखालची वाट थोडी अरुंद व्हायची. शेवटी नदी इतकी आवळली गेली की ओहोटीच्या वेळी पुलाच्या वरच्या आणि खालच्या अंगाच्या पाण्यात सहा फुटांपर्यंत फरक पडे. कमानीखालून होडी नेणं म्हणजे धबधब्यातून उडी मारण्यासारखंच. शहाणे लोक पुलाच्या अलीकडे उतरत, चालत पलीकडे जात आणि पुन्हा होडीत बसत. हाच पूल बंधाऱ्यासारखा पाणी अडवायचा, त्यामुळे कडक हिवाळ्यात वरच्या बाजूची नदी गोठायची आणि बर्फावर जत्रा भरायची. शेवटची भरली १८१४ मध्ये.

या पुलावर घरं बांधली ती हौसेखातर नव्हे. एवढ्या पुलाची कायमची डागडुजी करायला पैसा लागतो आणि भाड्यातून तो मिळतो. १३५८ च्या नोंदीत पुलावर १३८ दुकानं होती. पुलाचा कारभार पाहणारी ‘ब्रिज हाउस’ ही वेगळी संस्था होती. तिचं स्वतःचं आवार साउथवर्कच्या, म्हणजे नदीच्या दक्षिण काठावर होतं, तिथे दगड आणि लाकूड रचून ठेवलेलं असे. तिचे १३८१ पासूनचे जमाखर्च आजही जपलेले आहेत. हे आवार लक्षात ठेवा, पुढे त्याचं काम आहे.

दगडी पूल जेमतेम वीस फूट रुंद. मधला रस्ता सोडला तर दोन्ही बाजूंना घरासाठी काय उरणार? म्हणून घरं मागच्या अंगाने नदीवर लोंबत. खांबाच्या बाजूला तिरके लाकडी टेकू लावायचे, त्यावर तुळया बाहेर काढायच्या, त्यावर खोली. वरच्या मजल्यांवर समोरासमोरची घरं रस्त्यावरून जोडलेली असत, म्हणजे खालून चालणारा माणूस अर्धा वेळ बोगद्यात. या जोडणीचा उद्देश जास्तीची जागा मिळवणं एवढाच नव्हता. दोन्ही बाजूंना बाहेर ओढली जाणारी घरं एकमेकांना बांधून ठेवली की पडायची भीती कमी. आम्हीसुद्धा कलत्या भिंती समोरासमोर ताणून धरतो, तोच हिशेब.

साउथवर्ककडून निघालं की साधारण तिसरा हिस्सा चालल्यावर उचलता पूल लागे आणि त्याच्या उत्तरेला दगडी दरवाज्याचा बुरूज. याच बुरुजावर राजद्रोह्यांची मुंडकी भाल्यांवर खोचून ठेवत. पुलावर मुंडकं लावायची प्रथा १३०५ मध्ये विल्यम वॉलेसपासूनची. १५७७ पर्यंत बुरूज खिळखिळा झाला होता. त्या वर्षी तो उतरवला, आणि मुंडकी काही काळाने साउथवर्कच्या टोकाच्या दरवाज्यावर दिसू लागली. रिकाम्या झालेल्या जागेवर नवी पायाभरणी झाली २८ ऑगस्ट १५७७ ला. महापौर सर जॉन लँगलीने स्वतः पहिला दगड बसवला. काम संपलं सप्टेंबर १५७९ मध्ये. हीच ती नॉनसच हाउस.

नावाचा अर्थ ‘अशी दुसरी नाही’. आठव्या हेन्रीने सरे परगण्यात बांधलेला नॉनसच पॅलेस वेगळा. नाव सारखं असल्याने दोन्हींची माहिती एकमेकांत मिसळलेली फार वेळा पाहिली आहे, तेवढं सांभाळा.

दिसायला कशी होती? रस्ता मधून आरपार गेलेला, दोन्ही बाजू नदीवर झुकलेल्या, चार कोपऱ्यांना चार मनोरे, त्यांवर कांद्याच्या आकाराच्या घुमट्या आणि टोकाला सोनेरी वातकुक्कुट. दर्शनी लाकूड कोरलेलं आणि रंगवलेलं. दक्षिणेच्या अंगाला पुढे दोन सूर्यघड्याळं लावली गेली. त्यांतल्या एकावर लिहिलं होतं की वेळ आणि भरती-ओहोटी कुणासाठी थांबत नाहीत. खाली होडीवाले ओहोटीची वाट बघत ताटकळत असताना हे वाक्य डोक्यावर, म्हणजे कुणीतरी ते विचार करून निवडलं असणार.

चित्रांबद्दल एक सावधगिरी. क्लास फिशरचं १६१६ चं लंडनचं लांबलचक दृश्य सगळीकडे छापलेलं दिसतं, पण तो लंडनला गेला तरी होता का, याचीच शंका घेतली जाते. त्याच्या चित्रावरून खिडक्या मोजत बसू नका. वेन्स्लॉस होलरने १६४७ मध्ये छापलेलं दृश्य जास्त भरवशाचं, कारण त्याने साउथवर्कच्या चर्चच्या मनोऱ्यावर चढून रेखाटनं केली होती. आंतोनिस व्हान डेन वेंखार्डच्या १५४४ च्या सुमाराच्या रेखाटनात ही इमारत शोधणारे लोकही मला भेटलेत. तिथे ती सापडणार कशी? तिथे जुना बुरूज आहे.

आता मूळ मुद्दा, हॉलंड आणि खिळे.

त्याच काळात लंडनची गल्ली न् गल्ली टिपून ठेवणारा जॉन स्टो या इमारतीबद्दल लिहितो. पायाभरणीची तारीख देतो, महापौराचं नाव देतो, पुलाच्या वरचं सगळं काम लाकडाचं आहे आणि ते सुंदर नि खर्चिक आहे, असंही सांगतो. हॉलंडबद्दल अवाक्षर नाही. बंदरात एक अख्खं घर जहाजातून उतरलं असतं तर हा माणूस गप्प बसला असता, असं मला वाटत नाही. हॉलंडहून तुकडे आले, फक्त लाकडी खुंट्या वापरल्या, ही गोष्ट ठळकपणे भेटते ती फार नंतर, एकोणिसाव्या शतकातल्या लेखनात, आणि तीही ‘असं म्हणतात’ या चालीवर. पुढे ‘म्हणतात’ गळून पडलं. अलीकडे पुलाचे कागद नीट तपासून झालेल्या अभ्यासात या इमारतीची रचना लुईस स्टॉकेटच्या नावावर जाते. तो पहिल्या एलिझाबेथ राणीच्या बांधकाम खात्याचा सर्व्हेयर, म्हणजे बांधकामांवर देखरेख करणारा अधिकारी. आणि ती एक नव्हे, एका आवरणात बसवलेली दोन घरं होती.

मग गोष्ट उगवली कुठून? माझा अंदाज सांगतो, अंदाज म्हणूनच घ्या. एक तर त्या घुमट्या आणि ते नक्षीकाम डच वळणाचं दिसतं. त्या काळी लंडनचे कारागीर तिकडचे छापील नमुने समोर ठेवून काम करत. दुसरं म्हणजे अवघ्या काही वर्षांपूर्वी, १५७१ मध्ये, राणीने रॉयल एक्स्चेंजचं, म्हणजे लंडनच्या व्यापाऱ्यांच्या बाजारपेठेच्या इमारतीचं, उद्घाटन केलं होतं. त्या इमारतीचा मुख्य कारागीर फ्लँडर्सचा, म्हणजे आजच्या बेल्जियमकडचा होता आणि बरंचसं सामान खरोखरच अँटवर्पहून जहाजाने आलं होतं. एका इमारतीची खरी गोष्ट दुसरीला चिकटायला दोनशे वर्षं पुष्कळ झाली.

आणि तिसरं कारण मला सगळ्यात मोठं वाटतं. लाकडी सांगाडा कसा बनतो हे लोक विसरले.

ओकचा सांगाडा जागेवर कधीच बनत नसे. सुताराच्या आवारात जमिनीवर एकेक भिंत आडवी मांडायची. तुळईच्या टोकाला कुसू, म्हणजे खाचेत बसणारी जीभ, काढायचं, खांबात त्या मापाची खाच पाडायची, जोडून बघायचं, पटलं की उलगडायचं. प्रत्येक सांध्याच्या दोन्ही लाकडांवर छिन्नीने सारखी खूण करायची. मग गाडीवर किंवा नावेवर घालून जागेवर न्यायचं आणि खुणेला खूण जुळवत उभं करायचं. इंग्लंडमधलं साधं धान्याचं कोठारसुद्धा असंच बनायचं. तेव्हा ‘सुटे भाग, खुणा केलेले, जागेवर जोडलेले’ हे वर्णन नॉनसच हाउसचं म्हणून खरं असेलच, पण ते शेजारच्या प्रत्येक घरालाही लागू आहे. फक्त आवार हॉलंडमध्ये असायची गरज नव्हती. ब्रिज हाउसचं स्वतःचं आवार नदीकाठी होतं, लाकूडफाट्यासह.

या खुणा रोमन आकड्यांच्या असतात, कारण छिन्नीने सरळ रेघा मारणं सोपं. पण त्यात एक खोच आहे. चार लिहायला सुतार चार उभ्या रेघा मारतो. घड्याळातल्यासारखा ‘पाचातून एक वजा’ लिहीत नाही. लाकूड उलटं फिरलं की तो चार सहासारखा वाचला जातो, आणि उचकटून ठेवलेल्या ढिगात कुठलं टोक वर होतं हे कोण सांगणार? मला हे चांगलं समजलं ते स्वतःच्या चुकीतून. सुरुवातीच्या दिवसांत एका कोठाराचा सांगाडा उलगडला, प्रत्येक लाकडाला कागदी चिठ्ठी बांधली, ताडपत्री टाकली आणि निर्धास्त झालो. चार दिवस पाऊस लागला. चिठ्ठ्यांवरची शाई वाहून गेली. शेवटी गुडघ्यावर बसून बॅटरीच्या तिरप्या उजेडात जुन्या सुताराच्या रेघा शोधल्या, आणि त्यावरून सगळं परत लागलं. दुसऱ्या बाजूच्या भिंतीच्या आकड्यांना त्याने एक बारकी शेपटी जोडली होती, म्हणजे डाव्या-उजव्याचा घोळ नको. तेव्हापासून मी छिन्नीच वापरतो.

खिळ्यांचंही तसंच. ओल्या ओकमध्ये लोखंडी खिळा मारला की लाकडातलं टॅनिन त्याला खातं. आजूबाजूला काळे डाग पडतात आणि खिळा गंजून जातो. खुंटी लाकडाबरोबर आक्रसते आणि लाकडाबरोबर फुगते. पण खरी गंमत भोकांत आहे. खाचेच्या दोन्ही गालांना भोक पाडायचं, कुसू आत घालून त्यावर खूण घ्यायची, कुसू बाहेर काढायचं आणि त्यातलं भोक खुणेवर न पाडता खांद्याच्या, म्हणजे कुसू जिथे तुळईला मिळतं त्या बाजूला दोन-तीन मिलिमीटर सरकवून पाडायचं. आता निमुळती खुंटी ठोकली की ती वाकडी वाट काढत आत जाते आणि जाता जाता कुसवाला खाचेत ओढून घेते. सांधा करकचून बसतो. जुना सांधा उलगडताना खुंटी बाहेर काढली की ती हलकीशी नागमोडी झालेली असते. ती हातात घेतली की चारशे वर्षांपूर्वीची ओढ बोटाला कळते. अशा सांध्यात खिळ्याला काही कामच नाही. खिळे लागत ते फळ्या, पत्रे, कड्या, नक्षीच्या पट्ट्या बसवायला, आणि चार मनोऱ्यांच्या या नटलेल्या इमारतीत तसले खिळे अजिबात नव्हते, हे मी मानणार नाही.

मग कौतुक कशाचं करायचं? जागेचं. बाजूने नदी अंगावर येते आहे, खाली बेट फुगतंय आणि झिजतंय, शेजारी उचलता पूल, पोटातून गाड्या चालल्या आहेत, आणि दोन्ही अंगं पाण्यावर लोंबकळत आहेत. पाया थोडा हलला तर दगडी भिंत तडकते. खुंट्यांचा सांगाडा किंचित झुकतो आणि तसाच उभा राहतो. बुरूज दगडी होता, तो टिकला नाही. त्याच्या जागी लाकूड टिकलं, सुमारे १८० वर्षं.

या काळात आग तीनदा जवळून गेली. १६३३ मध्ये एका सुया बनवणाऱ्याच्या घरातल्या निखाऱ्यांनी पेट घेतला आणि पुलाच्या उत्तर टोकाची चाळीसहून जास्त घरं जळाली. नॉनसच त्या पट्ट्यात नव्हती. १६६६ च्या मोठ्या आगीत जी थोडी घरं तिथे पुन्हा उभी राहिली होती ती गेली, पण मधल्या मोकळ्या पट्ट्याने आग अडवली आणि पुलाचा बाकीचा भाग वाचला. आधीची आग नसती तर पुढची नॉनसचपर्यंत आली असती, असं म्हणायला जागा आहे. १७२५ ची आग साउथवर्कच्या टोकाला लागली, तीही दूर राहिली.

तिला खाल्लं गाड्यांनी. लंडनच्या हद्दीत नदी ओलांडायला शतकानुशतकं हा एकच पूल. रस्ता बारा ते पंधरा फुटांचा, त्यात समोरासमोर दोन गाड्या आल्या की खोळंबा. १७२२ मध्ये महापौराने हुकूम काढला की साउथवर्ककडून येणाऱ्यांनी पश्चिमेची बाजू धरावी आणि शहरातून जाणाऱ्यांनी पूर्वेची. म्हणजे सगळ्यांनी आपल्या डाव्या हाताने चालावं. हुकूम पाळायला माणसं नेमली. तरी नॉनसचच्या पोटातली वाट काही रुंद होणार नव्हती. १७५० मध्ये वेस्टमिन्स्टरचा नवा पूल खुला झाला, ऐसपैस आणि घरांशिवाय. आता जुन्या पुलावरची घरं लोकांना लाजिरवाणी वाटू लागली. भाड्याचं उत्पन्नही पूर्वीसारखं राहिलं नव्हतं. १७५६ मध्ये संसदेने घरं पाडायचा कायदा केला आणि १७६२ पर्यंत पुलावर एकही घर उरलं नाही. उतरवताना कुणी नीट मापं घेऊन आराखडा केला असता तर आज एवढा वाद नसता.

पुढचा भाग मी हल्ली प्रत्येक शिकाऊ मुलाला सांगतो. घरं काढण्याबरोबर होड्यांची सोय म्हणून पुलाच्या मधला एक खांब काढून दोन कमानींची एक मोठी कमान केली, १७५९ मध्ये. पाण्याला मोकळी वाट मिळाली आणि ते तिथूनच धावू लागलं. शेजारच्या खांबांच्या मुळाशी तळ उकरला जाऊ लागला. पूल राहतो की जातो अशी वेळ आली, तेव्हा जॉन स्मीटन या इंजिनिअरला बोलावलं. त्याने सांगितलं, दगड टाका, ताबडतोब. शहराच्या जुन्या वेशी नुकत्याच पाडून त्यांचे दगड विकले होते. ते परत विकत घेतले आणि नदीत लोटले. घरं काढून पूल मोकळा केला, आणि तो तरावा म्हणून शहराच्या वेशी पाण्यात घातल्या.

असा सावरलेला पूल आणखी सत्तर वर्षं चालला. जॉन रेनी या इंजिनिअरने आखलेला नवा पूल १८३१ मध्ये खुला झाल्यावर जुना पाडला. रेनीचा पूलही नंतर विकला गेला, तो आता अमेरिकेत ॲरिझोनामध्ये आहे. बरेच पर्यटक त्यालाच ‘घरांचा जुना पूल’ समजून फोटो काढतात. त्यावर घर कधीच नव्हतं.

आज बघायचं असेल तर नॉनसचचं एकही लाकूड खात्रीने दाखवता येत नाही. कुणी ‘नॉनसचच्या ओकची पेटी’ विकत असेल तर पैसे खिशातच ठेवा. पुलाचे अवशेष मात्र आहेत. घरं काढल्यावर बसवलेले दगडी कोनाडे व्हिक्टोरिया पार्कमध्ये दोन आणि गायज हॉस्पिटलच्या आवारात एक, ज्यात आता कवी कीट्सचा पुतळा बसलाय. उत्तर काठावर सेंट मॅग्नस चर्चच्या मनोऱ्याखालून आरपार कमान आहे. १७६३ च्या सुमारास रुंद झालेल्या पुलाचा पदपथ तिथून जात असे. आत जुन्या पुलाची मोठी प्रतिकृती ठेवली आहे. तिच्यात आधी उचलता पूल शोधा.

आणि जागा बघायची असेल तर आजच्या लंडन ब्रिजवर साउथवर्कच्या टोकाने चढा, पूर्वेकडचा कठडा धरा, तिसरा हिस्सा चाला आणि थांबा. समोर तीसेक मीटरवर, पाण्याच्या वर. वेळ ओहोटीची घ्या.